यंत्राचे उत्तर आणि संशोधकाचे उत्तरदायित्व

संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरावीत की नाहीत, हा प्रश्न आता मागे पडला आहे. विद्यार्थी ती वापरतात, अध्यापकही वापरतात. ती कोणत्या कामी व कोणत्या मर्यादेत वापरावीत, हाच खरा विचारणीय प्रश्न होय. एका जवळच्या उदाहरणाने तो अधिक स्पष्ट होईल.

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव घेऊ. नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत या परिसराचे रूप पालटले. भूसंपादनापूर्वीचे रोडपाली हा विषय एखाद्या विद्यार्थ्याने घेतला, व ब्रिटिश अमदानीतील या टापूची माहिती कोठे मिळेल असे यंत्रास विचारले, अशी कल्पना करू. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे; रायगड म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा; सबब कुलाब्याचे १८८३ चे गॅझेटिअर पाहावे, असे उत्तर येणे संभवनीय आहे. ते तर्कास धरून दिसते, पण दिशाभूल करणारे आहे. गॅझेटिअरची पाहणी झाली तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात मोडत असे, आणि त्याचे वर्णन १८८२ साली निघालेल्या ठाण्याच्या गॅझेटिअरमध्ये आहे.

अशी चूक का होते, हे समजून घ्यावयास हवे. भाषेचे हे यंत्र प्रचंड मजकुरातून शब्दांचे परस्परसंबंध शिकते आणि कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे, ते ठरवीत वाक्य रचते. काही साधनांना शोधयंत्राची जोड असते. तरीही मिळालेला मजकूर नीट वाचला गेला, याची हमी नसते. ज्या विषयावर विपुल लेखन उपलब्ध आहे, तेथे उत्तर बहुधा बरोबर येते. रोडपालीसारख्या गावाविषयी लेखन तुटपुंजे. तेथे पोकळी संभाव्य शब्दांनी भरली जाते. भाषेचा आत्मविश्वास मात्र दोन्ही ठिकाणी सारखाच असतो.

याचे परिणाम काल्पनिक नाहीत. २०२३ साली न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने, यंत्राने रचलेले खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड केला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राचे निष्कर्ष पडताळल्यावाचून स्वीकारू नयेत, असे न्यायालयाने बजावले. न्यायालयात प्रतिपक्ष तरी असतो. प्रबंधातील खोटा संदर्भ मात्र दुसऱ्या प्रबंधात, तेथून तिसऱ्यात जातो व कालांतराने प्रमाण मानला जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी वाङ्मयचौर्याचे स्तर साम्याच्या टक्केवारीवर ठरविले. यंत्राने नव्याने जुळविलेल्या वाक्यांत असे साम्य सापडेलच असे नाही. म्हणून साम्यतपासणीत उत्तीर्ण झालेला मजकूर प्रामाणिक ठरतो, हा समज सोडून द्यावयास हवा.

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे, असा नव्हे. वाक्यरचना तपासणे, परभाषेतील लेखाचा स्थूल आशय जाणणे, आकडेमोडीचा आराखडा करणे, आपल्या युक्तिवादावरील संभाव्य आक्षेप शोधणे, या कामी त्याचे साहाय्य जरूर घ्यावे. मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिले, यंत्राने सुचविलेला प्रत्येक संदर्भ मूळ ग्रंथात वा दप्तरात स्वतः पाहावा. न पाहिलेला संदर्भ देऊ नये. दुसरे, कोणते साधन, केव्हा व कशासाठी वापरले, हे प्रबंधात स्पष्ट नमूद करावे. पण त्यास लेखक म्हणू नये, कारण ते कशाचीही जबाबदारी घेऊ शकत नाही. तिसरे, इतरांनी विश्वासाने दिलेली माहिती यंत्रास देऊ नये. रोडपालीच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्याविषयी व भाऊबंदकीविषयी सांगितलेली हकीकत त्याने आपणास सांगितलेली असते. ती त्याच्या नावानिशी परक्या कंपनीच्या संगणकावर पाठविण्याची अनुमती त्यात गृहीत धरता येत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्यात स्वीकृत पाठाखाली निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद दिले आहेत. संपादकांचा निर्णय ज्यास मान्य नाही, त्यास त्याच पानावरील पुराव्याच्या आधारे वेगळा निर्णय घेता येतो. वाचकाला आपल्याशी मतभेद करण्याची साधने देणे, हे संशोधनाचे लक्षण होय. यंत्राच्या उत्तराखाली अशी तळटीप आपोआप येत नाही; ती लिहिणे, आणि त्यासाठी ठाण्याचे गॅझेटिअर स्वतः उघडणे, हे काम संशोधकाचेच राहते.