अकरा आणि अकरा

९ सप्टेंबर २०२५ च्या रात्री ऑस्लोत नॉर्वेने मोल्दोव्हाला ११-१ असं धुऊन काढलं. हालांडचे पाच, बदली म्हणून उतरलेल्या आस्गार्डचे चार. मोल्दोव्हाच्या नावावरचा एकुलता गोलसुद्धा नॉर्वेच्याच बचावपटूने चुकून आपल्या जाळ्यात मारलेला. पाठोपाठ मोल्दोव्हाचा प्रशिक्षक सेर्गेई क्लेश्चेंको पायउतार झाला. लोकांनी हसून विषय सोडून दिला. मला तो आकडा टोचत राहिला. अकरा हा क्लेश्चेंकोचाच आकडा: देशासाठी ६९ सामने, ११ गोल, आणि कित्येक वर्षं तोच राष्ट्रीय विक्रम.

‘एवढ्याशाला विक्रम म्हणायचं?’ असं आमच्या कट्ट्यावरचे पंडित नाक मुरडून विचारत. त्यांनी नव्वदचं दशक नीट पाहिलंच नव्हतं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. आमच्या घरच्या जुन्या नकाशावर मी पेन्सिलीने नव्या देशांच्या सीमा आखल्या; मोल्दोव्हाच्या वाट्याला नखाएवढी जागा आली. त्या नखाएवढ्या देशात राजधानी किशिनाऊचा फुटबॉल क्लब ‘झिंब्रू’ म्हणजे रानगवा दणाणत होता. १९९२ ते २००० या नऊ हंगामांत आठ वेळा लीगचा विजेता. तरणाबांड क्लेश्चेंको याच कळपातला आघाडीवीर. १९९४ च्या शरदात राष्ट्रीय संघ पहिल्यांदाच युरो पात्रता फेरीत उतरला, जॉर्जियाला त्यांच्याच घरी हरवून आला आणि किशिनाऊत वेल्सला ३-२ ने लोळवलं. आमच्या पेपरात दोन ओळी आल्या. मी त्या कापून वहीत चिकटवल्या.

पुढची वर्षं भराभर उलटली तरी चालतील. मोल्दोव्हातून फुटून निघालेल्या ट्रान्सनिस्ट्रियात १९९७ मध्ये ‘शेरीफ’ क्लब उभा राहिला आणि २००१ पासून जेतेपद जवळपास त्याच्याच घरी पाणी भरू लागलं. २०२१ मध्ये शेरीफने माद्रिदमध्ये रेआलला २-१ ने हरवलं तेव्हा जग ‘मोल्दोव्हा, मोल्दोव्हा’ करत नाचलं. गोल करणारा एक उझबेक, दुसरा लक्झेंबर्गचा. सुरुवातीच्या अकरांत मोल्दोव्हाचा एकही पोरगा नाही. वरात परक्याची, मिरवायला नाव मात्र यांचं.

त्याच वर्षाअखेरीस क्लेश्चेंकोने राष्ट्रीय संघ हाती घेतला. २० जून २०२३ ला, क्रमवारीत १७१ वा असलेला त्याचा संघ मध्यंतराला पोलंडविरुद्ध ०-२ ने मागे होता. निकोलाएस्कूने दोन मारले, बाबोग्लोने तिसरा. पुन्हा ३-२, पुन्हा किशिनाऊ! त्या युरो पात्रता फेरीत आठ सामन्यांत दहा गुण झाले. शेवटचा सामना जिंकला असता तर थेट युरो. चेकांनी ३-० ने दार लावलं.

क्लेश्चेंकोचं काही चुकलंच नाही, असं नाही. ऑस्लोच्या त्या रात्रीआधी त्याच नॉर्वेने मार्चमध्ये घरी येऊन ५-० ने बडवलं होतं, तरी बचाव तसाच भगदाडी राहिला. पण बाहेरून अकरा जण आणून खेळवायची सोय राष्ट्रीय संघाला नसते. झिंब्रूनंतर घरची पोरं घडवायची कुणी, हा प्रश्न ऑस्लोनंतर कुणी विचारला नाही. राजीनाम्यात सगळं उरकलं.

क्लेश्चेंकोचा तो अकरा गोलांचा विक्रम निकोलाएस्कूने त्याच्याच हाताखाली खेळताना मोडला. माझ्या मते हा क्लेश्चेंकोचा बारावा गोल. कट्ट्यावर हे अजून कुणाला पटलेलं नाही.