आगर

विरार-वसईच्या खाड्यांलगत बांध घातलेल्या खारजमिनीत उधाणाच्या भरतीचे पाणी कोंडून, उन्हाने आटवीत ते एका वाफ्यातून दुसऱ्यात घेत, अखेर तळाशी बसलेले मिठाचे स्फटिक ओढून जेथे त्यांच्या राशी रचतात, त्या स्थळास 'आगर' किंवा 'मिठागर' म्हणतात. आणि हे कष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उपसले त्या आगरी समाजाच्या नावातही तोच शब्द नांदतो. त्याचे मूळ संस्कृत 'आकर', म्हणजे खाण. प्राकृतात 'क'चा 'ग' होऊन 'आगर' सिद्ध झाले, आणि कोणास ज्ञानाचे वा दुर्गुणांचे आगर म्हणताना खाणीचाच अर्थ अद्याप जागा असतो. कोकणात मात्र हाच शब्द नारळी-पोफळीच्या शिंपणाच्या बागेस लागला, त्यामुळे जुन्या कागदात 'आगर' दिसताच ती जमीन खारी की बागाईत हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. एकाच शब्दाने रखरखीत खाजण आणि पोफळीची गर्द सावली दोन्ही दाखवावीत, हे मला मराठीचे खरे वैभव वाटते. अर्नाळ्याचे एसटीचे 'आगार' निराळे: ते गृहवाचक संस्कृत 'आगार', 'कोषागार' या शब्दातले, परंतु अंतर अवघ्या एका कान्याचे असल्याने लिहिताना दोहोंची गफलत सहज होते.