नशामुक्तीनंतर (लेखांक ११) : टेन्शन खरं की बहाणा?

या आठवड्यात औषधांवर लिहीन असं कबूल केलं होतं. ब्युप्रेनॉर्फिन म्हणजे काय, नॅल्ट्रेक्सोन कुणाला द्यायचं, वगैरे. ते पुढे ढकलतोय. मागच्या लेखांकातल्या तलफेच्या मजकुरावर बरीच पत्रं आली आणि त्यांतलं एक काही केल्या मनातून जाईना. पत्र एका आईचं आहे. मुलगा गर्द सोडून वर्ष होत आलं होतं. नोकरीला लागला होता, अंगानं भरला होता. मार्चअखेरच्या धावपळीत एका रात्री तो पुन्हा घेऊन घरी आला. बाई लिहितात : 'तो म्हणतो, साहेब पाठी लागले होते, टेन्शन आलं म्हणून घेतली. टेन्शन मलाही आहे. ह्याच्या वडिलांना तर जन्मभर होतं. आम्ही कधी काही घेतलं नाही. मग हे खरं धरायचं की बहाणा?'

कुटुंबीयांच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारताना आवाज चढलेला असतो. माझं उत्तर असं की टेन्शनही खरं आणि बहाणाही खरा. दोन्हींचा हिशेब मात्र वेगवेगळा मांडावा लागतो.

आधी टेन्शनचं. १९९५ साली माँट्रियलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात यावीन शाहम आणि जेन स्ट्यूअर्ट यांनी उंदरांवर एक प्रयोग केला. खटका दाबला की शिरेतून हेरॉइन मिळतं, हे उंदरांना शिकवलं. मग हेरॉइन बंद केलं. उंदीर काही दिवस खटका दाबत राहिले, हाती काही लागत नाही म्हटल्यावर त्यांनी तो नाद सोडला. आता त्यांच्या पायांना विजेचे हलके झटके दिले. हेरॉइनचा कण दिला नव्हता, पिंजरा तोच होता, नवीन होता तो फक्त त्रास. आणि उंदीर पुन्हा खटक्याकडे धावले. खटक्यातून काही येत नव्हतं तरी दाबत राहिले. या उंदरांना साहेब नव्हता आणि आईला पटवायचंही नव्हतं, त्यामुळे बहाण्याचा प्रश्नच नाही. त्रास झाला की मेंदू जुन्या उपायाकडे वळतो, एवढं या प्रयोगातून स्वच्छ दिसतं.

मग आईचा मेंदू का वळत नाही? कारण तिला तो उपाय कधी माहीतच नव्हता. मुलगा सतरा-अठराव्या वर्षी पुडीला लागला असेल, तर ज्या वयात बाकीची पोरं नापास होणं, बोलणी खाणं, प्रेमात नकार मिळणं हे सगळं रडतकढत पचवायला शिकतात, त्या वयात त्यानं प्रत्येक दुखण्यावर धूर ओढला. आज तो सत्तावीस वर्षांचा बाप्या दिसतो, पण साहेब ओरडले की काय करायचं याची त्याची तयारी अजून कॉलेजातल्या पोराएवढीच आहे. व्यसन सुटलं म्हणून ती आपोआप वाढत नाही. ती आता करून घ्यायची आहे. लोक या कामाला फार कमी लेखतात असं माझं ठाम मत आहे.

आता बहाण्याचं. अशा मुलाला 'त्या दिवशी का घेतलीस?' असं विचारू नये. तयार उत्तर मिळतं. त्याऐवजी कागद पुढे ठेवावा आणि त्या दिवसापासून मागे मागे यायला सांगावं. आदल्या दिवशी काय झालं? त्याच्या आदल्या आठवड्यात? माझ्यासमोर एकानं असा कागद भरला होता. सगळ्यात खाली लिहिलं होतं : 'साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं.' त्याच्या वर : 'एटीएममधून पाचशे काढले, गरज दोनशेची होती.' त्याच्या वर : 'घरी भाजीवरून भांडलो.' त्याच्याही वर : 'जुन्या दोस्ताचा फोन आला, बायकोला सांगितलं नाही.' आणि अगदी माथ्यावर, तीन आठवड्यांपूर्वीची नोंद : 'गुरुवारची मीटिंग चुकवली, काम होतं.' साहेबांचं टेन्शन या गाडीत अगदी शेवटच्या स्टेशनवर चढलं होतं.

त्यातलं भाजीवरचं भांडण मला सगळ्यात बोलकं वाटतं. बरे होत असलेले लोक आपसांत हसत हसत कबूल करतात की घ्यायचं मनात आलं की घरात भांडण उकरून काढायचं. मीठ कमी आहे, शर्टाला इस्त्री नाही, काहीही चालतं. बायको किंवा आई चिडून एक शब्द जास्त बोलली की दार आपटून बाहेर पडायचं, म्हणजे जे करायचं ते तिच्या खात्यावर मांडता येतं. गंमत अशी की पुष्कळदा त्यालाही तेव्हा हे कळत नसतं. कागद भरताना कळतं, आणि मग तो गप्प होतो.

सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ अॅलन मार्लॅट यांनी ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर १९८५ साली याच विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं. दारू, सिगारेट, हेरॉइन अशी वेगवेगळी व्यसनं सोडलेल्यांच्या पहिल्या घसरणी त्यांनी तपासल्या. सुमारे ३५ टक्के वेळा मागे उदासी, राग, कंटाळा अशी भावना होती, १६ टक्के वेळा कुणाशी तरी झालेली खटपट आणि २० टक्के वेळा 'घे रे, एकदाच' म्हणणारी माणसं. म्हणजे पोलीस आणि पुडीवाला यांच्याइतकंच लक्ष रात्रीच्या जेवणावर आणि त्या वेळच्या बोलण्यावरही द्यायला हवं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांवर नजर ठेवा, हे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या जुन्या मंडळींचं सांगणं त्याच जातीचं आहे. मार्चअखेरला दुपारचा डबा तसाच परत आणणाऱ्या आणि रात्री दहाला घरी येणाऱ्या मुलाकडे या चारांपैकी किती जमा होते, ते पत्र लिहिणाऱ्या ताईंनीच मोजावं.

आणि आता घरच्यांचं. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, बाथरूमच्या दाराशी उभं राहणं. मी समजू शकतो. ज्यांच्या कपाटातलं मंगळसूत्र एकदा गेलंय, त्यांना विश्वास ठेवा असं सांगणाऱ्याचा मलाही राग येतो. पण रोजची झडती हेही टेन्शनच. त्यापेक्षा दोन-तीन गोष्टी त्याच्याशी उघड ठरवून टाकाव्यात : पगार कुणाच्या खात्यात जाईल, हातात किती राहतील, मीटिंगचा वार कुठल्याही कामासाठी मोडायचा नाही. बाकीच्या वेळी जेवलास का, झोप झाली का, एवढंच विचारावं. माझा एक रिक्षावाला मित्र काडी ओढल्याच्या वासानं अस्वस्थ व्हायचा, कारण चंदेरी कागदाखाली तो कायम काडीच धरत असे. त्यानं तसं बोलून दाखवल्यावर त्याच्या आईनं घरातली काडेपेटीच हद्दपार केली. देवापुढची उदबत्तीसुद्धा तिथं लायटरनं लागते. त्यावर एक शब्दाची चर्चा झाली नाही.

ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य शेवटचं आहे : 'वर्ष पाण्यात गेलं.' हेच वाक्य तो मनात म्हणत असणार, आणि घसरल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस त्यामुळेच धोक्याचे. आता गेलंच आहे तर होऊ दे, असं म्हणून माणूस पूर्ण बुडतो, हे मार्लॅट यांचंही निरीक्षण. एकदा घेणं आणि पुन्हा व्यसनात जाणं यांच्यामध्ये अजून जागा आहे. मीटिंगला किंवा समुपदेशकाकडे त्याला उद्याच न्या, पुढच्या महिन्यात नव्हे.

घाई करायला सांगतो त्याला आणखी एक कारण आहे. वर्षभर न घेतल्यानं शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी रोज पचणारी मात्रा आता श्वास बंद पाडू शकते. सोडल्यानंतरच्या घसरणीत माणसं दगावतात ती बऱ्याचदा याच कारणानं. तो विचित्र घोरतोय, श्वास संथ झालाय, ओठ निळसर पडलेत, हलवूनही उठत नाही, असं दिसलं तर झोपू दे म्हणू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. काय घेतलंय ते डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. एरवी सल्ल्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, घरच्यांनीही तिथं फोन केलेला चालतो.

औषधांचं पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी माझ्या लेखाची वाट बघत ती बंद करू नये.