बंगळूरच्या लोककला-संग्रहालयांतून

राजाची तलवार आणि देवळातील मूर्ती यांना टिकून राहण्याचा हक्क जन्मतःच मिळालेला असतो. शेतकऱ्याच्या बायकोच्या लुगड्याला तो नसतो. नवे लुगडे प्रथम सणावारी निघते, मग ते रोजच्या नेसणीत येते. विटले की दुहेरी करून अंथरुणाला लागते, त्याच्या मऊ पडलेल्या भागाची बाळुती होतात, उरलेले तुकडे गोधडीच्या पोटात जातात आणि अखेरच्या चिंधीचे पोतेरे होते. जे यातून सुटते ते बोहारणीच्या पाटीत पडून त्याच्या मोबदल्यात घरात एखादे भांडे येते. जरीचे वस्त्र तरी टिकावे, तर खऱ्या जरीत चांदी असल्यामुळे जुनी जरतारी लुगडी जाळून त्यांतील चांदी काढून घेण्याची रीत सर्वत्र होती. म्हणून लोकजीवनातील वस्त्रांचे संग्रहालय उभे करणे हे नाण्यांचे किंवा शिलालेखांचे संग्रहालय उभे करण्याहून अवघड काम असते. जी वस्तू संपेपर्यंत वापरण्याकरिताच केलेली, ती जपायची कशी, हा त्यातला मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे एकाच शहरात पाहावयाची असतील तर बंगळूरला जावे. येथे सरकारी संग्रहालय १८६५ साली स्थापन झाले. त्याचा मुख्य भर शिल्पे, शिलालेख, नाणी आणि उत्खननातील वस्तू यांवर राहिला. लोककलांना स्वतःचे घर मिळण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९६० साली एम. एस. नंजुंडराव यांच्या पुढाकाराने कर्नाटक चित्रकला परिषद स्थापन झाली आणि कुमारकृपा रस्त्यावरील तिच्या आवारात म्हैसूर शैलीच्या चित्रांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा मोठा संग्रह उभा राहिला. कस्तुरबा रस्त्यावर २०२३ मध्ये उघडलेल्या कला व छायाचित्र संग्रहालयानेही वस्त्रांना आणि हस्तकलेला आपल्या संग्रहात स्वतंत्र विभाग दिला आहे.

मराठी प्रेक्षकाला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, ही गोष्ट इतिहासात प्रसिद्धच आहे. परंतु राजकीय इतिहासापेक्षाही जवळचा संबंध वस्त्रांचा आहे. कर्नाटकाच्या वस्त्रांचे कोणतेही दर्शन ज्या तीन वस्तूंवाचून अपुरे राहील त्या म्हणजे इळकलची साडी, गुळेदगुड्डचा खण आणि धारवाडकडील कशिदा, म्हणजे कसूती. यांपैकी पहिलीला मराठी घरात इरकल म्हणतात. दुसऱ्याची चोळी शिवतात, आणि त्याच्यावाचून तर ओटीच भरत नाही. इळकल आणि गुळेदगुड्ड ही दोन्ही गावे आज बागलकोट जिल्ह्यात आहेत. तो मुलूख पूर्वीच्या विजापूर जिल्ह्यात मोडत असे आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्याचा भाग होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तो म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेषा ओढली गेली. परंतु मागावरचे लुगडे पूर्वीप्रमाणेच दोन्ही बाजूंच्या बायकांच्या अंगावर राहिले.

इरकलीची ओळख तिच्या लाल पदरावरून पटते, आणि तो पदर हाच तिच्या विणकामाचा गाभा आहे. सामान्यतः साडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतो. इरकलीत तसे नसते. तिच्या अंगाचा ताणा बहुधा सुताचा आणि पदराचा ताणा रेशमाचा असतो. हे दोन ताणे जेथे भेटतात तेथे एकाच्या धाग्याचा फास दुसऱ्याच्या फासात अडकवून ते जोडावे लागतात. या जोडणीला ‘तोप तेनी’ म्हणतात. तिचा परिणाम असा की, इतर ठिकाणी एकाच लांब ताण्यावर एकापाठोपाठ एक अनेक साड्या विणता येतात, तशी सोय इळकलच्या विणकराला नाही. त्याला प्रत्येक साडीसाठी नवा ताणा करावा लागतो आणि प्रत्येक वेळी जोडणीही नव्याने करावी लागते. यंत्रमागावर याची छापील किंवा अखंड नक्कल करणे सोपे आहे, आणि म्हणूनच अस्सल इरकल कोणती हे ओळखण्यासाठी पदराची ती सांधरेषा निरखून पाहावी लागते. संग्रहालयात नीट मांडलेली एक साडी हे शिकवू शकते. दुकानातील घाईत ते शिकता येत नाही.

कसूती या शब्दात ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सूती’ म्हणजे सूत हे दोन शब्द असल्याचे सांगतात. या कशिद्यासाठी कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून सुई चालते. तिचे टाके चार. ‘गवंती’त सरळ धावदोरा घालीत जावयाचे आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरीत यावयाचे, त्यामुळे उलट आणि सुलट दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ‘मुर्गी’ हा तसाच, पण पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. ‘नेयगे’ टाका विणकामाचा आभास उत्पन्न करतो, आणि ‘मेंथे’ हा फुलीचा टाका मेथीच्या नावाने ओळखला जातो. नक्षीत गोपूर, रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, पोपट आणि तुळशीवृंदावन येते. म्हणजे ज्या बाईने हे भरले तिने आपल्या वाटेवरचे देऊळ, गावची जत्रा आणि दारातले अंगण यांनाच सुईत ओवले. लग्नाच्या काळ्या साडीवर, म्हणजे चंद्रकळेवर, कसूती भरण्याची चाल होती. मराठी प्रेक्षकाला चंद्रकळा संक्रांतीच्या निमित्ताने ठाऊक असते. तिच्यावरचा हा कशिदा मात्र त्याला येथे नव्याने भेटतो.

वस्त्रांच्या दालनातील मंद प्रकाशाबद्दल पुष्कळांची तक्रार असते. परंतु तो काटकसरीपायी ठेवलेला नसतो. प्रकाशाने रंग उडतात आणि रेशीम ठिसूळ होते, आणि ही हानी पुन्हा भरून काढता येत नाही. जुने वस्त्र घडी घालून ठेवले तर घडीच्याच रेषेवर फाटते. म्हणून ते शक्य तेथे नळकांड्यावर गुंडाळून ठेवतात. दमट हवा आणि कसर यांपासूनही ते सांभाळावे लागते. घरोघरी पेटीतली पैठणी अधूनमधून बाहेर काढून तिची घडी मोडण्याची जी रीत आहे, तिच्यात हेच शहाणपण होते.

वस्त्रांकडून चित्रकला परिषदेतील चामड्याच्या बाहुल्यांकडे वळले म्हणजे विषय बदलला असे वाटते. पण तसे नाही. शेळीचे कातडे कमावून, अर्धपारदर्शक करून, त्यावर दोन्ही बाजूंनी रंग देऊन या बाहुल्या तयार करतात. त्यांच्या अंगावरचे काठ, पदर आणि दागिने बारीक छिद्रे पाडून दाखविलेले असतात. अंगावरची जुनी वस्त्रे नष्ट झाली. त्यांची ठेवण मात्र अशा चामड्यावर उरली. बाहुलीचा आकार तिच्या दर्जाप्रमाणे लहानमोठा असतो: देव आणि राजे मोठे, सेवक आणि सामान्य माणसे लहान. समाजातील उतरंड येथे शब्दांवाचून वाचता येते.

कन्नडमध्ये या खेळाला ‘तोगलू गोंबेयाट’ म्हणतात. रामायण-महाभारतातील कथा त्यात कन्नडमधून रंगतात. पाऊस पडावा, गुरांवरचा रोग टळावा म्हणूनही गावोगावी हा खेळ लावीत. तो करणारा समाज किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव त्यांच्या खेळातील विदूषकाचेच आहे. त्याची बायको बंगारक्का. आता मराठी प्रेक्षकाने थांबून ऐकावे अशी गोष्ट ही की, कन्नडमधून खेळ करणाऱ्या या लोकांची घरची बोली मराठी आहे. आंध्र आणि तमिळनाडू या प्रदेशांतही सावल्यांचा खेळ करणाऱ्या काही कुटुंबांत मराठीच बोलली जाते. मराठी मुलखातून निघालेले हे कलावंत ज्या देशी गेले त्या देशीची भाषा त्यांनी पडद्यावर आणली आणि आपली भाषा चुलीपाशी ठेवली. संग्रहालयातील बाहुलीखालच्या चिठ्ठीवर तिचे नाव, गाव आणि काळ लिहिता येतो. चुलीपाशी राहिलेली ही भाषा लिहिता येत नाही. ती जाणून घेण्यासाठी त्या बाहुलीमागच्या माणसापर्यंत जावे लागते.

महाराष्ट्रात याचे भावंड सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथे आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या या तिन्ही कला सांभाळल्या. परशुराम गंगावणे यांनी तर आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडले; २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळ गावच्या, वयाची नव्वदी ओलांडलेल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांचा २०२५ मध्ये त्याच पदवीने गौरव झाला. हे सन्मान रास्तच आहेत. परंतु खेळाला रात्रभर बसणारे गाव त्यांनी परत येत नाही.

येथेच संग्रहालयाची मर्यादा उघड होते. चामड्याची बाहुली मागून येणाऱ्या उजेडात आणि खेळविणाऱ्याच्या हातात जिवंत होते. भिंतीवर ती केवळ सुंदर चित्र असते. हीच उणीव ओळखून एच. एल. नागेगौडा या सनदी अधिकाऱ्याने वेगळा मार्ग धरला. त्यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये कर्नाटक जानपद परिषद स्थापन झाली आणि पुढे बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर रामनगरजवळ सुमारे १५ एकरांत ‘जानपद लोक’ उभे राहिले. तेथे जाती, मुसळे, मापे, शेतीची अवजारे, सोंगांचे वेष आणि मुखवटे आहेतच. शिवाय खेड्यापाड्यांतील गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आहेत आणि लोककलांचे प्रयोगही होतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे आणि भांडी यांतून घरगुती जीवन उभे केले. नागेगौडांनी जात्याबरोबर जात्यावरचे गाणेही हवे, असा आग्रह धरला.

तिसरा मार्ग बंगळूरमध्येच दिसतो. १९७४ मध्ये चिमी नंजप्पा आणि त्यांची कन्या पवित्रा मुद्दय्या यांनी ‘विमोर’ ही वस्त्रसंस्था सुरू केली. जुन्या साड्या मिळवावयाच्या, त्यांचे विणकाम उलगडून समजून घ्यावयाचे आणि त्याच धर्तीचे नवे काम विणकरांकडून करून घ्यावयाचे, असा तिचा क्रम आहे. पुढे त्या संग्रहातून जे संग्रहालय झाले त्याला ‘जिवंत वस्त्रांचे’ म्हणतात ते याच अर्थाने. जुनी साडी तेथे नमुना म्हणून मागावर परत जाते. विणकराला मजुरी मिळते, तेव्हाच त्याचा मुलगा मागावर बसण्याचा विचार करतो. हे साधे अर्थकारण कोणत्याही काचेच्या कपाटाहून अधिक टिकाऊ संरक्षण आहे.

म्हणून अशी संग्रहालये पाहताना प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. ही कोणी केली, कोणी वापरली आणि आज ती करणारा कोणी उरला आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे चिठ्ठीवर बहुधा सापडतात. तिसऱ्याचे उत्तर संग्रहालयाच्या बाहेर, इळकलच्या मागावर आणि मोरनाळच्या घरात शोधावे लागते, आणि ते ‘होय’ असे राहावयाचे की नाही हे पुष्कळसे पाहणाऱ्यांच्याच हाती आहे. तोप तेनीची सांधरेषा ज्याच्या डोळ्यांत एकदा भरली, तो बाजारात नकली पदर सहसा घेत नाही. एवढी दृष्टी घेऊन प्रेक्षक घरी परतला, तर दालनातील ते जुने लुगडे आपले काम करून गेले असे म्हणावयास हरकत नाही.