किसुमूची जलपर्णी

केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी तंबू ठोकून राहिलो असता एक दिवस किसुमू बंदर पाहण्यात घालविला. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ साली येथे पोचली. हिंदुस्थानातून नेलेले हजारो मजूर त्या कामावर राबले. धक्क्यावरून पाहतो तो पाण्यावर हिरवे रान! आपल्या पंचगंगेत माजते तीच जलपर्णी. कोळ्यांच्या होड्या तीत अडकल्या की मासळी कुठली यायला?

पूर्वेला मुहोरोनी-चेमेलीलकडे उसाचे मळे आहेत. तिकडची माती व खत घेऊन न्यांदो नदी याच आखातात उतरते. शहराचे सांडपाणीही आहेच, सारा दोष उसाचा नव्हे. पण फेकून दिलेला युरिया पावसात कुठे जातो, ते येथे दिसते. बांधणीच्या वेळी खत सरीत देऊन लगेच मातीआड करावे.