लष्करी वाहनांवरील जुन्या एरियल-काठ्यांची पारख

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रांस जें प्रामाण्य मिळतें तें वस्तूंसहि मिळावयाचें असेल, तर वस्तूंची पारख कागदांइतक्याच कसोशीनें झाली पाहिजे. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांतील रणगाडे आज अनेक संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. अशा वाहनांवरील जी वस्तु बहुधा आधीं मोडते वा हरवते ती बिनतारी संचाची एरियल-काठी होय. तिच्या जागीं हातीं येईल ती काठी बसविली जाते, आणि कालांतरानें तीच अस्सल म्हणून गणली जाते.

पहिली कसोटी लांबीची. अमेरिकन एस. सी. आर. ५०८ हा संच २० ते २७.९ मेगाहर्ट्‌झवर चाले. या लहरींची लांबी ११ ते १५ मीटर. तिचा चतुर्थांश सुमारें १० फूट. त्याची काठी तीन फुटांहून किंचित् अधिक लांबीच्या तीन तुकड्यांची असे, त्याचें कारण हेंच. उलटपक्षीं ब्रिटिश १९ नंबरच्या संचाचा मुख्य भाग २ ते ८ मेगाहर्ट्‌झवर चालत असल्यानें चतुर्थांश लांबी ९ मीटरांहून अधिक भरते. एवढी काठी चालत्या रणगाड्यावर उभी राहणें अशक्य. म्हणून ८ किंवा १२ फुटांची काठी लावून उणीव व्हेरिओमीटरनें भरून काढीत.

दुसरी कसोटी सांध्याची व खुणेची. ब्रिटिश काठीचे चार-चार फुटी तुकडे एकांत एक खुपसले जात. अमेरिकन तुकडे आट्यांनीं जोडले जात. अमेरिकन मालिकेंत एम. एस. ४९ हा सर्वांत वरचा व बारीक, तर ५३ हा सर्वांत खालचा. ५०८ संचास ५१, ५२ व ५३ हे तीन तुकडे एम. पी. ४८ या बैठकीवर लागत. एम. एस. ११६ ते ११८ ही मालिका युद्धोत्तर संचांबरोबर रूढ झाली. सबब १९४३ च्या वाहनावर ती दिसल्यास स्वतंत्र पुराव्यावांचून मान्य करूं नये.

तथापि वाहन कोणीं घडविलें यापेक्षां तें कोणीं वापरलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शर्मन रणगाडा अमेरिकेंत बनला; परंतु ब्रिटिश सैन्यांत गेलेल्या शर्मनमध्यें १९ नंबरचाच संच बसवीत. १९४५ सालीं मेइक्टिलाच्या लढाईंत हिंदी रिसाल्यानें शर्मन वापरले, तेव्हां त्या परंपरेंतील वाहनावर ब्रिटिश काठीचीच अपेक्षा धरली पाहिजे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या रणगाडा-संग्रहालयासारख्या ठिकाणीं जिज्ञासूनें हा प्रश्न मनांत ठेवूनच वाहनांकडे पाहावें.

आतां काठी मिळविण्याविषयीं. जुन्या लष्करी मालाचे व्यापारी आणि भंगारवाले हीं तिचीं मुख्य ठिकाणें. खरेदीपूर्वीं वाहनावरील बैठक तपासावी, तिच्या छिद्राचा व्यास मोजावा व आटे पाहावेत. जुना रंग एकदम खरवडूं नये. त्याच्या थरांची नोंद करून मगच खालची ठशाची खूण शोधावी. अस्सल काठी न मिळाल्यास नवी घडवून बसविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र तिच्या बुडाशीं घडविल्याचें सन कोरावें आणि दप्तरांत तशी नोंद ठेवावी. नोंद केलेली नक्कल निरुपद्रवी असते. नोंद नसलेली नक्कल पुढील संशोधकास खोटी साक्ष देते.