गालिच्यातली धूळ आणि मुलांचा खोकला

ओल येते म्हणून कोब्यावर प्लास्टिकचे कार्पेट टाकतो, पाहुण्यांसाठी गालिचा पसरतो, बाळासाठी सतरंजी अंथरतो. एका खोलीच्या घरात जेवण, अभ्यास आणि झोप सगळे त्यावरच. त्यामुळे त्यात साचलेली धूळ घरातली माणसे रात्रभर श्वासात घेतात. वरून गालिचा स्वच्छ दिसला तरी त्याच्या धाग्यांत बरेच काही अडकलेले असते.

धुळीत काय असते?

चपलांबरोबर आलेली माती, कपड्यांचे तंतू, धुराची काजळी, झुरळांची विष्ठा, बुरशी आणि आपल्याच कातडीचे सुटलेले कण. हे कण खाऊन ‘माइट’ नावाचे किडे जगतात. त्यांची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. ते चावत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. नेदरलँड्समधील लायडनचे संशोधक वूरहोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये घरातल्या धुळीच्या अॅलर्जीचा संबंध या किड्यांशी जोडला. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून पावसाळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते.

त्रास कोणाला होतो?

सगळ्यांना होत नाही. ज्यांना अॅलर्जी आहे त्यांना सकाळी उठल्याबरोबर शिंका येतात, नाक गळते, डोळे खाजतात. दमा असलेल्यांना रात्री खोकला येतो, छातीत घरघर होते, धाप लागते. रांगणाऱ्या बाळाला धोका अधिक, कारण त्याचे नाक जमिनीजवळ असते आणि धुळीचे हात सारखे तोंडात जातात.

भिंतीच्या किंवा दाराच्या जुन्या रंगाचे पोपडे पडत असतील तर धुळीत शिसेही असू शकते. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. असा रंग कोरडा खरवडू नका. पोपडे ओल्या फडक्याने टिपून घ्या.

घरी काय करता येईल?

1. गालिच्यावर कोरडा झाडू जोरात मारू नका. बारीक धूळ हवेत उडते आणि पुन्हा तिथेच बसते. गालिचा बाहेर नेऊन झटका. झटकणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधावा. दमेकऱ्याने हे काम करू नये.

2. सतरंजी, चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला धुवा. साध्या पाण्यानेही बरीच घाण निघते, पण किडे मरायला 60 अंशांच्या आसपासचे कढत पाणी लागते. ते काठीने ढवळा, मुलांना लांब ठेवा.

3. गोधड्या, गाद्या कडक उन्हात टाका. उन्हाने किडे मरतात, पण त्यांची विष्ठा तशीच राहते. म्हणून नंतर झटकणे जरुरीचे.

4. प्लास्टिकचे कार्पेट मधूनमधून उचलून खालची ओल व बुरशी पुसा. धुता न येणारा जाड गालिचा दमेकऱ्याच्या घरात नसलेलाच बरा. उघडा कोबा ओल्या फडक्याने पुसणे सोपे आणि फुकटचे.

5. बांधकाम, गॅरेज, भंगार किंवा सफाईच्या कामावरून आल्यावर कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच बाळाला घ्या. चपला दाराबाहेर ठेवा.

विहारातल्या सतरंज्याही वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होण्याआधी, ऊन आहे तोवर धुऊन वाळवून ठेवाव्यात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

प्रत्येक खोकला धुळीचाच असे समजून थांबू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्या. ती मोफत होते. दम्यासाठी डॉक्टरांनी पंप दिला असेल तर ‘सवय लागेल’ या भीतीने तो बंद करू नका. पंपाचे व्यसन लागत नाही. औषध थोड्या मात्रेत थेट फुफ्फुसात जाते. मात्र धाप लागून बोलता येत नसेल, श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता ताबडतोब रुग्णालय गाठा.